स्टॉर्मला मोठे कॅलिपर बसवण्याआधी ब्रेक ऑइल बघा

तुम्ही लिहिलंय की चोर्ला घाट उतरताना केरीच्या अलीकडे तुमच्या सॅन स्टॉर्मचं (छोट्या दोन आसनी गाडीचं) ब्रेक पेडल मऊ पडून खाली गेलं, म्हणून पुढच्या चाकांना मोठ्या गाडीचे चार पिस्टनचे कॅलिपर (ऑइलच्या दाबाने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बसवणार आहात. कृपया इतक्यात पैसे देऊ नका.

नुसते पॅड तापले असते तर पेडल कडक राहिलं असतं. पाय रोवूनही गाडी थांबली नसती. तुमचं पेडल स्पंजासारखं झालं, म्हणजे बहुधा ऑइल उकळलं. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. गाडी गार झाल्यावर पेडल पूर्ववत झालं का? झालं नसेल तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो त्याचं) सील बघा, आणि तोवर गाडी बाहेर काढू नका.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट 4 दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की मानकातली हीच मर्यादा 155 वर येते. आपल्या हवेत मी ते दरवर्षी, पावसाळा सरला की बदलतो. 5.1 घेतलंत तर उत्तम: 260 आणि 180. नुसतं 'डॉट 5' लिहिलेलं मात्र नको, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही.

आता कॅलिपर. पिस्टन चार म्हणून जोर चौपट होत नाही, तो पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो. सरकत्या कॅलिपरमध्ये (पिस्टन एकाच बाजूला असतो, कॅलिपर सरकून दुसरा पॅड दाबतो) 48 मिमीचा एक पिस्टन असेल तर क्षेत्रफळ सुमारे 1,810 चौरस मिमी. चार पिस्टनवाल्यात एकाच बाजूचे दोन मोजायचे, समोरचे दोन पलीकडचा पॅड दाबतात. ते 34 मिमीचे असतील तर 1,816, म्हणजे जोर तेवढाच. 38 मिमीचे असतील तर 2,268, म्हणजे पाव पट जास्त. पण तेवढंच जास्त ऑइलही ढकलावं लागतं, त्यामुळे पेडल लांब जातं. शिवाय तो जादा जोर फक्त पुढे जातो. हलक्या गाडीची पुढची चाकं आधीच लवकर जाम होतात. मग मागचे ब्रेक पुरते वापरलेच जात नाहीत.

हे मी भोगलंय. म्हापशातल्या एका गॅरेजने माझ्या हलक्या गाडीला असेच मोठे कॅलिपर लावून दिले. पहिल्याच पावसात पर्वरीच्या उतारावर पुढची चाकं जाम झाली, स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच गेली. समोर स्कूटरवर मायलेकी होत्या. त्या वाचल्या, पण मी त्याच आठवड्यात जुने कॅलिपर परत बसवले.

तुमच्या जागी मी ऑइल, चांगले पॅड आणि रबरी नळ्या बदलीन. इतक्या जुन्या गाडीच्या नळ्या दाबाने फुगतात. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना काढून बघा. खाऱ्या वाऱ्याने त्या अडकतात, मग पॅड डिस्कला घासत राहतो आणि सगळं तापतं. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा: दोन माणसांसह गाडी 900 किलो धरली तर दर 100 मीटर उंची उतरताना सुमारे 9 लाख ज्यूल ऊर्जा जिरवायची असते, त्यातली काही इंजिनला घेऊ दे.

एवढं करूनही पॅड तापून ब्रेक सुटत असतील, तर कॅलिपरचा विचार जरूर करू. तेव्हा सध्याच्या पिस्टनचा आणि मास्टर सिलिंडरचा व्यास मोजून इथे लिहा, जुळणारं माप मी काढून देतो.