मशीन आण्णांचं, उत्तर आईचं

ताई, माझे वडील आण्णा, वय 69, इचलकरंजीत असतात. 35 वर्षं यंत्रमागावर काम केलं, आता कान गेल्यातच जमा आहेत. दिवाळीनंतर मी सुट्टी काढून आई-आण्णांना कोल्हापूरला नेलं, तपासणी केली, दोन्ही कानांची मशीनं घेतली. 84 हजार रुपये गेले. महिनाभर घातली, आता डबीत पडून आहेत. म्हणतात, "नुसता कलकलाट हाय त्यात. माणसाचं बोलणं सोडून सगळं ऐकू येतंय." शिट्टी वाजली की काढून फेकतात. आई बिचारी सगळं सांभाळून घेते. बँकेत, दवाखान्यात, फोनवर तीच बोलते, मशीनही तीच कानात घालून द्यायची. मशीन बसवताना मॅडमनी "आवाज कसा वाटतोय?" विचारलं तेव्हासुद्धा आईच म्हणाली, "छान आहे, काही त्रास नाही." परवा माझ्या चुलत भावाचं ठरलेलं लग्न मोडलं. ते आण्णांना आठ दिवसांनी कळलं, तर आमच्यावरच डाफरले. कान गेले की डोकंही जातं असे व्हिडिओ पाठवून झाले, नवऱ्याने समजावलं, मुलांकडून सांगून पाहिलं. एवढ्या हट्टी माणसाला मशीन घालायला कसं पटवू?
— थकलेली लेक, पुणे

लेकी,

आवाज आण्णांच्या कानात, आणि "छान आहे" म्हणून सांगणार तुझी आई! तिला तो ऐकू तरी आला होता का? तू हे वाक्य जाता जाता लिहून पुढे गेलीस. मला मात्र त्याच्या पुढे जाता येईना. हट्ट, शिट्टी, 84 हजार, सगळं त्या एका वाक्यात आहे.

मशीन बसवतात म्हणजे काय करतात ते आधी समजून घे. आण्णांना बंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकवले असतील, ऐकू आलं की बटण दाबा म्हणून. त्यातून आलेख निघतो. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. फाईलमध्ये असेल, काढून बघ. 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे जाडपासून चिरक्यापर्यंत, कुठला आवाज किती मोठा केल्यावर ऐकू आला एवढंच त्यात असतं. गोंगाटात आयुष्य काढलेल्यांच्या आलेखात 4000 च्या आसपास खड्डा पडतो, आणि वय झालं की त्याच्या पुढची बाजूही खचते. हा आलेख कॉम्प्युटरला दिला की तो सूत्राने मशीन लावून देतो. पण सूत्र सरासरीवर चालतं. तिथून पुढे मॅडमना आण्णा लागतात. हे टोचतंय, ते पोकळ वाटतंय, माझंच बोलणं डोक्यात घुमतंय, असं त्यांनी सांगायचं आणि मॅडमनी एकेक आवाज वरखाली करायचा. कानात बारीक नळी सोडून पडद्यापाशी आवाज किती पोचतोय हे मोजताही येतं, आणि नीट काम करणाऱ्या ठिकाणी ते मोजतात. तो आवाज माणसाला सोसतोय की नाही, हे मात्र कुठल्याच नळीतून कळत नाही.

तुमच्या घरी हा भाग झालाच नाही. मॅडमनी विचारलं, आईने उत्तर दिलं, मॅडमनी फाईल मिटली. (त्या मॅडमलाही मी दोन शब्द सुनावले असते. समोर बसलेल्या माणसाचं तोंड उघडेपर्यंत थांबायला काय झालं होतं?)

आता त्या "कलकलाटा"कडे वळू, कारण आण्णांचं गाऱ्हाणं अक्षरशः खरं आहे. कानाच्या आतल्या शंखात केसाळ पेशी असतात, एका कानात साधारण 15 हजार. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्या गेल्या की होतं काय, हलका आवाज मुळीच पोचत नाही, पण मोठा आवाज तुला-मला लागतो तितकाच लागतो, कधी जास्तही. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यामधली जागा फार चिंचोळी उरते. मशीन त्या चिंचोळ्या जागेत बसवायचं असतं. थोडं चुकलं की भांडं पडल्यावर कानात सुरी फिरते आणि बोलणं तिथंच राहतं. वर बोलण्याची आणखी गंमत अशी की आ, ओ, ऊ हे जाड आणि ठसठशीत, तर स, श, फ, थ, ट हे बारीक आणि दुबळे. आण्णांचे गेलेत ते हे बारीक. सात, साठ, काठ, ताट यांतला मधला "आ" तेवढा त्यांच्यापर्यंत पक्का येतो, बाकीचा अंदाज. म्हणून आपण ओरडलो तरी उपयोग होत नाही. ओरडल्याने आ मोठा होतो, स तसाच राहतो.

आणि हा माणूस कोण आहे ते बघ. आठ तासांच्या पाळीला 85 डेसिबल ही कानाच्या दृष्टीने मर्यादा धरतात. त्यापुढे दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होत जातो. 100 डेसिबलला तो 15 मिनिटांवर येतो. धोट्याच्या मागांच्या शेडमधला आवाज त्याच्याच आसपास असतो, आणि पाळी किती तासांची असते ते तू लहानपणापासून बघितलंयस. कापसाचा बोळा घातला म्हणून त्यातलं फारसं काही अडत नाही. पण त्याच खडखडाटात, चार माग एकदम चालू असताना, कुठल्या मागाचा ठोका चुकतोय हे मान न वळवता ओळखणारी ही माणसं. आवाजातली खोट पकडणं हाच त्यांचा धंदा. अशा माणसाला कोणीतरी एकदाचं विचारलं, आवाज कसा वाटतोय, आणि उत्तर त्याच्या बायकोने देऊन टाकलं. मी असते तर मीसुद्धा डबीत टाकलं असतं.

तुझ्या आईला तू "बिचारी" म्हटलंयस. मला ती बिचारी वगैरे वाटत नाही. तिचे कष्ट मला दिसतात, पण त्याबरोबर आणखी एक गोष्टही दिसते. आण्णा कमावते होते तेव्हा घरातला शब्द त्यांचा होता. आता त्यांच्याकडे येणारा प्रत्येक शब्द तिच्या हातून येतो. बँकेचा, डॉक्टरचा, तुझा, व्याह्यांचा. कुठला द्यायचा, कुठला ठेवून घ्यायचा, हे ती ठरवते. पुतण्याचं लग्न मोडलं ही बातमी त्यांना ऐकू आली नाही असं तुला वाटतंय का? त्यांना ती सांगितलीच गेली नाही. "उगीच डोक्याला ताप नको" म्हणून आईने ठेवून दिली असणार, आणि तुम्ही सगळ्यांनी कानावर ढकललं. आठ दिवस घरातले सगळे एक गोष्ट जाणतात आणि घरचा कर्ता पुरुष ती गावातून ऐकतो. त्याने डाफरायचं नाही तर काय टाळ्या वाजवायच्या? आई हे मुद्दाम करते असं मी म्हणत नाही. पण आण्णांना मशीन लागलं की तिचं हे काम संपतं. म्हणून "छान आहे, काही त्रास नाही" हे उत्तर तिच्या तोंडून इतकं चटकन आलं. त्रास आहे म्हटलं असतं तर पुन्हा जावं लागलं असतं, पुन्हा बसवावं लागलं असतं, आणि एक दिवस ते खरंच लागलं असतं.

शिट्टीचंही तेच. मशीन नीट आत बसलं नाही की बाहेर निसटलेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. कानात मळ असला तरी वाजते, तेव्हा आधी मळ काढून घे. पण दुसऱ्याच्या बोटांनी घातलेलं मशीन नीट कसं बसणार? कान आण्णांचा, बोटंही त्यांचीच हवीत. लाल खूण उजवा, निळी खूण डावा, एवढं कळलं की झालं. तुटलेला बारीक धागा गाठणारी बोटं आहेत ती. आठवड्यात सरावतील. आईने एक दिवसही घालून द्यायचं नव्हतं.

व्हिडिओ मात्र आजच्या आज बंद कर. बहिरेपणा आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे, हे खरं. पण 2023 मध्ये अमेरिकेतला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, सत्तरीपुढच्या 977 जणांवरचा. तीन वर्षांनंतर सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर मशीन घालणाऱ्यांत आणि न घालणाऱ्यांत बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात मात्र दिसला. तुझे व्हिडिओवाले यातलं अर्धंच सांगतात. आणि समजा सगळं खरं असलं, तरी "तुम्ही वेडे व्हाल" असं सांगून बापाच्या कानात मशीन जाणार आहे का? बोलणं कळायला लागलं तरच ते कानात राहील.

आता एकच काम कर. त्याच मॅडमची वेळ घे आणि आण्णांना एकट्याला आत पाठव. आई घरी राहील. तू गाडीतून नेशील, पण तूही बाहेर बसशील. एरवी मी घरच्या एका माणसाला सोबत न्यायला सांगते, निम्मं ऐकलेलं निसटतं म्हणून. तुमच्या घरी मात्र सोबत हाच रोग आहे. फोनवरच मॅडमना सांगून ठेव: समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोला, हवं तर कागदावर लिहा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मिनिटभर शांतता झाली तरी थांबा. आण्णा खोटं बोलतील ही भीती नको. मशीन रोज सरासरी किती तास चालू होतं हे बहुतेक डिजिटल मशीनमध्येच नोंदलेलं असतं, कॉम्प्युटरला जोडलं की मॅडमना दिसतं. तेव्हा "घालतो की रोज" हा विषय दोन मिनिटांत मिटेल आणि खरं बोलणं सुरू होईल. मॅडमना म्हणावं, पहिल्यांदा आवाज थोडा कमीच ठेवा, मग दर खेपेला वाढवा. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे लागतात. पंख्याची घरघर, पेपरची सळसळ, स्वतःच्या चपलांचा आवाज, हे आण्णांनी कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही. पहिले दिवस घरात, दोन-तीन तास, एका माणसाशी बोलताना. लग्नकार्याला इतक्यात मशीन घालून न्यायचं नाही.

जायच्या आधीचे चार दिवस आण्णांच्या हातात एक वही दे. कुठला आवाज टोचतो, कुणाचं बोलणं कळतं, कुणाचं नाही, हे त्यांनी लिहायचं. आईने नाही लिहायचं. तागे मोजून लिहिलेत त्यांनी, हे सहज लिहितील. आणि यादीत "बायकोचं बोलणं सगळं कळतं" असं निघालं तर दचकू नकोस. मागाच्या आवाजात ओठ आणि हात बघूनच बोलणं चालतं. आईचे ओठ त्यांना पाठ झालेत, तिच्यासाठी मशीन लागतच नाही. ते लागतं तुझ्यासाठी, नातवंडांसाठी, चौकातल्या दोस्तांसाठी.

हे वाचणाऱ्या ज्या घरांत 84 हजार नाहीत त्यांच्यासाठी एक ओळ. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे कानाची तपासणी होते, आणि केंद्र सरकारच्या योजनेतून उत्पन्नाची अट बसली तर मशीनही मिळतं. बाजारात हजार-दोन हजारांत मिळणारी आवाज वाढवायची डबी मात्र घेऊ नका. ती सगळंच सरसकट मोठं करते, आणि मग आण्णांसारखा कलकलाट विकत घेतल्यासारखं होतं.

लेकी, आई एकटं पाठवायला तयार होणार नाही. "त्यांना काय कळणार तिथं," म्हणेल. भांडत बसू नकोस. सांग, मॅडमनी पेशंटलाच एकट्याला बोलावलंय, नियमच आहे तसा. खोटं आहे, चालेल. मॅडमना आधी फोन करून ठेव, म्हणजे आईने खात्री करायला फोन लावला तर त्याही तेच सांगतील.