बांधाच्या पायथ्याशी झिरपा

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमच्या शेतात वडिलांनी घातलेला मातीचा बंधारा आहे. यंदा तो भरल्यापासून खालच्या बाजूला पायथ्याशी पाणी झिरपतंय. बांधावर बाभळीही माजल्यात. काय करू?

उत्तर : दादा, आधी ते पाणी काचेच्या ग्लासात धरून बघा. नितळ असेल तर घाबरू नका, मातीचा बांध थोडा पाझरतोच. रोज एकाच वेळी बादली किती वेळात भरते ते वहीत लिहा. गढूळ असेल तर मात्र बांधाची माती आतून वाहून चाललीय. तिथे चिखल थापून तोंड बंद करू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. आधी वाळू, वर खडी, त्यावर दगड असा थर द्या. पाणी जाईल, माती अडेल. तळं हळूहळू उतरवा. एकदम उपसलं तर आतला ओला उतार घसरतो. खालच्या वस्तीला त्याच दिवशी कळवा आणि जलसंधारणाच्या अभियंत्याला बोलवा. २०१९च्या जुलैत रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं, माणसं वाहून गेली. ते माझ्या मनातून जात नाही.

बाभळी आत्ता उपटू नका. उन्हाळ्यात तळं आटल्यावर मुळांसकट काढा, खड्डे ओलसर मातीने थराथराने धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट दाबून, भरा. मुळं कुजली की आत नळ्या तयार होतात. खेकड्या-उंदरांची बिळंही तशीच बुजवा.

सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, मासे अडवायला जाळी लावली असेल तर आजच काढा. काडीकचऱ्याने ती तुंबते, पाणी बांधावरून जातं.