टेदरिनसारख्या विषाणूरोधी प्रथिनाचं काम आकारावरून ठरतं की अमिनो आम्लांच्या क्रमावरून?

आकारावरून; अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, कोणत्या क्रमानं ओवलेत हे इथे दुय्यम. याच प्रश्नापायी एमएस्सीच्या सेमिनारला माझे सहा मार्क गेलेत, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

एचआयव्हीचा नवा कण पेशीचंच आवरण पांघरून बाहेर पडतो. टेदरिनची दोन्ही टोकं त्या आवरणात रुतलेली, आणि मधला लांब भाग दोन-दोन रेणूंनी एकमेकांना पीळ घातलेला. कण सुटला तरी एक टोक कणात, दुसरं पेशीत. थोडक्यात, दावं.

म्हणून मी सेमिनारला गोठ्यातलं दावंच नेलं. "कॉलेजात कुणाला बांधणार आहेस?" वडिलांनी विचारलं. एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं फुग्याला. दाव्याला शेणाचा असा वास की पहिला बाक रिकामा झाला. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "हे पुरे. क्रम जुळत नसेल तर काम जुळणार नाही." मी बोलून गेलो, "सर, दावं काथ्याचं असो की नायलॉनचं, म्हैस अडकतेच." वर्ग हसला, मार्क गेले.

पण बरोबर मीच होतो! 2009 साली न्यूयॉर्कमध्ये विषाणूशास्त्रज्ञ पॉल बिएनियाझ यांच्या गटानं नकली टेदरिन बनवलं. आवरणात रुतणारं एक टोक ट्रान्सफेरिन रिसेप्टर या प्रथिनाचं, मधला पीळ स्नायूंच्या एका आजाराशी संबंधित कायनेज नावाच्या विकराचा, दुसरं टोक तिसऱ्याच प्रथिनाचं. अस्सल टेदरिनशी क्रमाचं काही साम्य नाही, तरी त्यानं एचआयव्हीचे कण पेशीला बांधून ठेवले. त्या पेपरची प्रिंट तेव्हा माझ्या पिशवीत होती. बघायला कोण तयार होतं?

आता परीक्षकांच्या बाजूनंही थोडं. एचआयव्हीचं व्हीपीयू हे प्रथिन टेदरिनला पेशीच्या पृष्ठभागावरून हटवतं, आणि त्यासाठी ते टेदरिनच्या आवरणातल्या तुकड्यातली नेमकी अमिनो आम्लं ओळखतं. तिथे क्रमच चालतो. माकडांमधली बरीचशी एचआयव्हीसारखी विषाणूमंडळी नेफ हे आपलं प्रथिन वापरून टेदरिनची शेपटी धरतात. माणसाच्या टेदरिनमध्ये त्या जागची पाच अमिनो आम्लं गळालेली आहेत, म्हणून ती युक्ती इथे फसते. ट्रिम-5-अल्फा या दुसऱ्या विषाणूरोधी प्रथिनाचं तर विचारूच नका, 332 क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदललं की माणसाचं प्रथिन एचआयव्हीला अडवायला लागतं. तेव्हा माझं पहिलं वाक्य टेदरिनपुरतंच धरा.

तुम्हीही सेमिनारसाठीच विचारत असाल तर पेपरची प्रिंट आधी परीक्षकांच्या हातात द्या, म्हशीचं नंतर काढा. आणि दावं धुऊन न्या.