पोरगा पळताना पडला, ईसीजी काढू का?

प्रश्न: मुलगा १५ वर्षांचा, मानकापूरच्या स्टेडियमवर ८०० मीटरची प्रॅक्टिस करतो. परवा भर पळताना शुद्ध हरपून पडला. कोच म्हणाले ऊन लागलं, लिंबूपाणी द्या. पण त्याचे सख्खे काका ३८ व्या वर्षी झोपेतच गेले, म्हणून धास्ती वाटते. ईसीजी काढू का?
– एक आई, मानेवाडा

उत्तर: ताई, काढाच, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत पळणं बंद. नागपूरचं ऊन कोणालाही आडवं करतं हे खरं, पण शर्यत संपल्यावर डोळ्यापुढे अंधारी येणं वेगळं आणि पळता पळता शुद्ध जाणं वेगळं, असं झालं की हार्टच्या डॉक्टरला दाखवायचंच, त्यात काकांचं तर सगळ्यात आधी सांगा, लोक हे लपवतात कशाला काय माहीत. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बरेचदा घराण्यात चालतो म्हणून त्याच्या बाबांनाही तपासून घ्या. सोबत टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, सगळेच दोष ईसीजीत दिसत नाहीत. उलट रोज पळणाऱ्या पोरांचे ठोके जरा कमीच असतात, तेवढ्याने घाबरू नका. इटलीत १९८२ पासून स्पर्धेतल्या खेळाडूंना ईसीजी सक्तीचा आहे, आपल्याकडे फिटनेस सर्टिफिकेट म्हणजे बहुतेकदा स्टेथो लावला न लावला की सही! अन् कोचला विचारा, मैदानावर हृदयाला शॉक द्यायचं एईडी मशीन आहे का, सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) कोणाला येतो का. २०२१ च्या युरो कपमध्ये भर सामन्यात हृदय बंद पडलेला डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन त्यामुळेच वाचला.