एकाची पावती दुसऱ्याच्या नावावर

प्रश्न : आमच्या पतसंस्थेसाठी मी नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) आणि एक्सप्रेस ४ (नोडवर वेबसाइट लिहायची चौकट) वापरून हप्ते भरायची वेबसाइट लिहिली. १० तारखेला गर्दी झाली की कधीतरी शिंद्यांच्या पावतीवर मोऱ्यांचं नाव छापून येतं. माझ्या लॅपटॉपवर मात्र कधीच होत नाही. नोड एकाच थ्रेडवर चालतं, मग हे होतंच कसं? सर्व्हरची रॅम वाढवू का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : रॅमवर एक रुपयाही घालू नका. तुम्ही पाठवलेल्या फाइलच्या डोक्यावर, हँडलरच्या (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनच्या) बाहेर, 'चालू सभासद' हे व्हेरिएबल आहे. घोळ तिथे आहे.

एक थ्रेड म्हणजे एका वेळी एकच ओळ चालते, एवढंच. पण 'अवेट' आलं की तुमचं फंक्शन तिथे थांबतं आणि थ्रेड दुसरी रिक्वेस्ट हातात घेतो. शिंद्यांचं नाव व्हेरिएबलमध्ये गेलं, डेटाबेसकडे हप्ता नोंदवायला गेलेलं काम अजून परतलं नाही, तेवढ्यात मोरे आले आणि त्याच जागी बसले. शिंद्यांची पावती छापायची वेळ येते तेव्हा तिथे मोरेच असतात.

लॅपटॉपवर तुम्ही एकटेच असता, म्हणून दिसत नाही. डेटाबेसच्या ओळीनंतर मुद्दाम ३ सेकंद थांबवा. एक साधी खिडकी, एक इनकॉग्निटो, दोन वेगळे सभासद, आणि लागोपाठ बटण दाबा. लगेच सापडेल.

दुरुस्ती : सभासद हँडलरच्या आतच 'कॉन्स्ट'ने घ्या आणि पावतीच्या फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून द्या. प्रत्येक रिक्वेस्टची माहिती वेगळी जपणारं 'असिंक लोकल स्टोरेज' २०२० पासून नोडमध्ये आहे, पण पैशांच्या कामात मला हातातून हातात दिलेलंच बरं वाटतं.

आणखी एक. तुमच्या असिंक ('अवेट' वापरणाऱ्या) हँडलरमध्ये चूक पकडणारं 'ट्राय-कॅच' नाही. एक्सप्रेस ४ अशी चूक एरर-हँडलरकडे आपणहून पोचवत नाही, आणि नोड १५ पासून न पकडलेलं रिजेक्शन (असिंक कामातली चूक) अख्खा सर्व्हर पाडतं. एक्सप्रेस ५ मात्र अशी चूक आपणहून एरर-हँडलरकडे पोचवतं.

एका पॅथॉलॉजी लॅबच्या साइटवर माझ्या हातून हीच चूक झाली होती. एका बाईंना दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट दिसला. फोनवरचा त्यांचा घाबरलेला आवाज मी विसरलेलो नाही. दोन रात्री मी डेटाबेसवर संशय घेत बसलो, आणि चूक निघाली एका ओळीची.

म्हणून कोड सुधारून थांबू नका. जुन्या नोंदी वेळेनुसार लावा, एकमेकींपासून एक-दोन सेकंदांत पडलेल्या आधी काढा आणि सभासदांच्या पासबुकाशी ताडून बघा. नाव चुकलं असेल तर निदान पावती बदलून देता येते. हप्ताच भलत्या खात्यात जमा झाला असेल, तर ते सभासदाच्या आधी तुम्हाला कळलं पाहिजे.