सेक्रेटरी व्हायच्या आधी किल्ल्यांचा जुडगा बघून घ्या

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: लेस्टरजवळच्या गावात राहता, दोन वर्षं दर शनिवारी तिथल्या छोट्या फुटबॉल क्लबचे सामने बघता, आणि आता कमिटीने विचारलंय की सेक्रेटरी व्हाल का. "आठवड्याला तीन-चार तासांचं काम आहे" असं त्यांनी सांगितलं. हे खरं का? शिवाय सप्टेंबरात मास्टर्ससाठी येणाऱ्या भाच्याला तिथे खेळवता येईल का?

तीन-चार तास हे एकट्या मंगळवारचे झाले. बाकीचे सहा दिवस उरतातच.

मी मिडलँड्समध्येच असतो. आमचा क्लब नॉन-लीगच्या सहाव्या पायरीवर आहे. ज्यांना ही शिडी माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रीमियर लीग आणि तिच्याखालच्या तीन डिव्हिजन सोडल्या की नॅशनल लीगपासून पहिली पायरी सुरू होते. म्हणजे आम्ही वरून दहाव्या पातळीवर. नऊ वर्षांपूर्वी गेटवर तिकिटं फाडायला म्हणून गेलो, मग पाच वर्षं सेक्रेटरी होतो, सध्या हिशेब बघतो. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉलचं वेड इथे येऊन लागलेलं नाही. पण तिथला अनुभव इथे फारसा उपयोगी पडला नाही, आणि का पडला नाही यातच तुमचं अर्धं उत्तर आहे.

कोल्हापुरात तालमीचा संघ असतो, पेठ असते, मोठ्या सामन्याला शाहू स्टेडियमवर हजारोंनी माणूस जमतं. पण स्टेडियम तालमीचं नसतं. सगळे संघ तिथेच येऊन खेळतात, गवताची आणि गेटची काळजी केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, करते. इथे नेमकं उलटं. माणसं येतात सत्तर-ऐंशी, पण ग्राउंड तुमचं. मैदान, कठडा, पत्र्याचा स्टँड, फ्लडलाइट, ड्रेसिंग रूम, बार, गटार, सगळं. संघ चालवणं ही त्यातली सोपी बाजू. ती मॅनेजर बघतो, आणि हरला तर शिव्याही तोच खातो. कमिटी चालवते ती एक जुनी इमारत, दीड-दोन एकर ओलं गवत आणि कागदांचा ढीग.

पावसापासूनच सांगतो. आमच्याकडची जमीन चिकणमातीची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी मुरतच नाही. शनिवारी सकाळी आठला ग्राउंड्समनचा फोन येतो, "एका गोलपोस्टसमोर पाणी साचलंय." मग जवळपासचा एखादा रेफ्री बोलावून मैदानाची तपासणी करून घ्यायची, आणि तीही पाहुण्या संघाची बस निघायच्या आत. उशीर झाला तर त्यांच्या बसचं भाडं तुमच्या गळ्यात येऊ शकतं. सामना रद्द झाला की रेफ्रीला आणि दोन्ही लाइन्समनना कळवा, लीगला कळवा, वेबसाइटवर टाका, बर्गरचे पाव फ्रीझरमध्ये ढकला, बारवरच्या पोराला येऊ नको म्हणा. त्या दिवशीचं गेट बुडालं. तोच सामना पुढे एखाद्या मंगळवारी रात्री पावणेआठला होतो, दिवे लावून, थंडीत, तीस-चाळीस प्रेक्षकांसमोर. एका हिवाळ्यात आमचे इतके सामने साचले की एप्रिलमध्ये एका आठवड्यात चार खेळलो. पोरं नोकऱ्या करणारी. एक छप्पर घालतो, एक गोदामात रात्रपाळी करतो. चौथ्या सामन्याला अकरा जण जमवताना मॅनेजरने मलाच विचारलं, "बूट आहेत का तुझ्याकडे?" मी तेव्हा सत्तेचाळीसचा होतो.

याच पावसाने मला सेक्रेटरीपदाचा सगळ्यात महाग धडा दिला. तुम्ही नेमके त्याच खुर्चीत बसणार आहात म्हणून सविस्तर सांगतो.

लीगमध्ये पाच पिवळी कार्डं झाली की खेळाडूवर एका सामन्याची बंदी येते. कार्डं मोजायची जबाबदारी क्लबची. फुटबॉल संघटनेच्या पोर्टलवर सगळं दिसतं, पण बघायचं कुणी? सेक्रेटरीने. आमच्या सेंटर-बॅकला पाचवं कार्ड मिळालं, बंदी पुढच्या शनिवारची. तो शनिवार पावसात गेला. मंगळवारी दुसरा सामना होता. मॅनेजर म्हणाला, शनिवारी तो बाहेर बसला, बंदी संपली. मी कामावरून थेट ग्राउंडवर पोचलो होतो, टीमशीट रेफ्रीकडे द्यायला दहा मिनिटं उरली होती, मी मान डोलावली. पण जो सामना झालाच नाही त्यात बंदी भोगून कशी होणार? ती तशीच शिल्लक होती. आम्ही मंगळवारी दोन-एकने जिंकलो. तीन आठवड्यांनी पत्र आलं: अपात्र खेळाडू खेळवला, तीन गुण वजा, वर दंड. त्या मोसमात आम्ही खालून तिसरे आलो. ते गुण असते तर शेवटचे दोन आठवडे जरा सुखाची झोप लागली असती. तो सेंटर-बॅक अजून मला बारमध्ये बिअर पाजत नाही, म्हणतो तुझे तीन पॉइंट माझ्याकडे बाकी आहेत.

तेव्हापासून मी एक साधी वही ठेवली. नाव, कार्ड, तारीख, बंदीचा सामना, आणि शेवटच्या रकान्यात "सामना झाला का?" हा प्रश्न. संगणकावर ठेवलं तरी चालेल, पण तो शेवटचा रकाना गाळू नका.

खेळाडूंची नोंदणी हाही तितकाच बारीक प्रकार आहे. आमच्या पातळीवर बहुतेकांशी करार नसतो. त्यामुळे दुसऱ्या क्लबला तुमचा स्ट्रायकर हवा असेल तर त्यांचा सेक्रेटरी तुम्हाला सात दिवसांची लेखी नोटीस देतो, आणि मग त्याच्याशी बोलतो. अडवायचा मार्ग नाही. ऑक्टोबरात पोराने सलग तीन सामन्यांत गोल मारले की सोमवारी सकाळी इनबॉक्समध्ये दोन-तीन नोटिसा येऊन पडलेल्या असतात. वरच्या पायरीवरचा क्लब त्याला पेट्रोलपाणी आणि वर थोडे पैसे देतो. आम्ही फक्त सामन्यानंतर चिकन करी देतो. (करी माझ्या बायकोच्या हातची असते तेव्हा दोन पोरं थांबली आहेत, हेही नोंदवून ठेवतो.)

पैशांचं गणित तुम्हाला कमिटी गेटवरून समजावेल. त्यावर जाऊ नका. आमच्याकडे तिकीट सहा पौंड. पंच्याहत्तर माणसं आली, त्यात म्हातारे आणि मुलं सवलतीत, तर चारशेच्या आत-बाहेर जमतात. त्यातून तीन पंचांचं मानधन आणि प्रवासखर्च द्यायचा, दोन्ही संघांचं खाणं, दिव्यांची वीज, धुलाई. गेट तिथेच संपलं. क्लब जगतो तो बारवर. वरच्या पाच पातळ्यांवर मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला कायद्याने बंदी आहे, 1985 पासून. आमच्यासारख्यांना ती लागू नाही. त्यामुळे माणूस हातात ग्लास घेऊन कठड्याला टेकून सामना बघतो, आणि त्या ग्लासातून आमचं गवत कापलं जातं. म्हणून बारचा परवाना कुणाच्या नावावर आहे हे पहिल्याच बैठकीत विचारा. तो माणूस क्लब सोडून गेला आणि कागद बदलले नाहीत तर शनिवारी बार बंद, आणि बार बंद म्हणजे महिनाअखेर वीजबिल अडकलं.

बाकी रॅफल, कठड्यावरचे जाहिरातीचे फलक, मॅच-बॉलचा प्रायोजक, उन्हाळ्यात लग्नाला हॉल भाड्याने देणं, असं थेंबे थेंबे चालतं. ऑगस्टमध्ये एफए कपची, म्हणजे लहान-मोठ्या क्लबांच्या बाद स्पर्धेची, अगदी पहिली, प्राथमिकच्याही आधीची फेरी खेळायला मिळाली आणि जिंकलात तर हजार पौंडांच्या वर हातात येतात. तेवढ्यात आमचा बॉयलर झाला. आणि कधी कुणाचं नशीब फळफळतंच. लिव्हरपूलजवळचा मरीन हा आठव्या पातळीवरचा क्लब जानेवारी 2021 मध्ये एफए कपच्या तिसऱ्या फेरीत प्रीमियर लीगमधल्या टॉटनहॅमशी खेळला. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी. त्यांनी दहा-दहा पौंडांची आभासी तिकिटं काढली आणि 30 हजारांहून जास्त विकली. पाच-शून्यने हरले, पण हिशेबनीस म्हणून मला तो मरीनचा विजयच वाटतो. मात्र असल्या दिवसाच्या भरवशावर अंदाजपत्रक करू नका.

आता ग्राउंडचं ग्रेडिंग. सहाव्या पायरीवरून पाचवीवर जायचं तर मैदानावर जिंकून भागत नाही, ग्राउंडही त्या दर्जाचं लागतं. आणि आहे त्या पायरीवर राहायलाही ठरलेला दर्जा टिकवावा लागतो. तपासणीला माणसं येतात आणि खुर्च्या मोजतात, ड्रेसिंग रूम टेपने मोजतात, महिलांच्या टॉयलेटमध्ये गरम पाणी येतं का बघतात. दिव्यांचा उजेड रात्री मैदानभर ठरावीक अंतरावर मीटर धरून मोजून घ्यावा लागतो, त्याचं प्रमाणपत्र लागतं. 31 मार्च ही तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. त्या आत काम पूर्ण नसेल तर मोसमात कितीही वर असा, उपयोग नाही. फुटबॉल फाउंडेशनमार्फत स्टँडसाठी, दिव्यांसाठी अनुदान मिळतं. पण ते खर्चाचा काही भाग देतात, उरलेला तुम्ही उभा करायचा, आणि आधी तीन-तीन कोटेशनं गोळा करायची. एकदा कोटेशनसाठी मी एका कंत्राटदाराला सात फोन केले. आठव्यांदा त्याच्या आईने उचलला आणि मला आस्थेने विचारलं, "तू पुन्हा का फोन करतोयस, बाळा?"

सगळ्यात मोठी अडचण मात्र माणसांची आहे. आमच्याकडे एक गृहस्थ पस्तीस वर्षं सगळं बघायचे. मैदानावर चुन्याच्या रेषा मारायचे, नळ दुरुस्त करायचे, किट धुवायचे, गेटचे पैसे बँकेत भरायचे. ते गेले त्याच्या पुढच्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत ड्रेसिंग रूममधला पाइप फुटला. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. दोन तास पाणी वाहत होतं. शेवटी त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, बारमागच्या गालिच्याखाली फळी आहे, ती उचला. त्यांचा जुडगाही तिनेच आणून दिला. त्रेचाळीस किल्ल्या. त्यातल्या अकरा कशाच्या आहेत हे आजतागायत कळलेलं नाही, आणि टाकून द्यायची कुणाची हिंमत होत नाही.

म्हणून कमिटीला होकार द्यायच्या आधी एक शनिवार सकाळी नऊला ग्राउंडवर जा आणि संध्याकाळी दिवे मालवेपर्यंत थांबा. सामना बघू नका. कोण काय उचलतंय, कुणाला न विचारता कोण काय करतंय ते बघा. चहाच्या खिडकीत, गेटवर, बारमागे आणि रोलरवर मिळून चारच चेहरे दिसले आणि ते सगळे सत्तरीच्या पुढचे असले, तर ते तुम्हाला सेक्रेटरी म्हणून बोलावत नाहीयेत, वारस म्हणून बोलावताहेत. तरीही घ्यायचं असेल तर घ्या, मी घेतलंच. फक्त पहिल्या महिन्यात जुडग्यातल्या प्रत्येक किल्लीला लेबल लावा.

दुसरं, क्लब कायद्याने काय आहे ते विचारा. नुसतीच सभासदांची मंडळी असेल, कंपनी म्हणून नोंदणी नसेल, तर थकलेली देणी कमिटीतल्या माणसांच्या अंगावर येऊ शकतात. अंगावर म्हणजे तुमच्या घराच्या हप्त्यापर्यंत. बायकोला हे आधी सांगा. मी नंतर सांगितलं.

आता भाचा. इथे फार सावध राहा. विद्यार्थी व्हिसावर "व्यावसायिक खेळाडू" म्हणून काम करता येत नाही, आणि या शब्दांची व्याख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच रुंद आहे. व्यावसायिक किंवा अर्धव्यावसायिक पातळीवर खेळणं, अगदी प्रशिक्षण देणंसुद्धा त्यात येतं, पैसे घेतले नाहीत तरीही. नॉन-लीगच्या पायऱ्यांवर हा प्रश्न नेहमी येतो. "आम्ही त्याला एक पेनीही देत नाही" हे उत्तर पुरत नाही. क्लबचा फायदा एक-दोन गोलांचा, आणि पोराची पदवी पणाला. विद्यापीठाच्या संघात किंवा रविवारच्या हौशी लीगमध्ये मजेसाठी खेळू दे, पण तेही आधी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला ईमेल करून, लेखी उत्तर घेऊन. तो भारतात कुठल्या क्लबकडून नोंदलेला असेल तर आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेटही लागेल. ते तिकडच्या संघटनेकडून इकडच्या संघटनेकडे येतं. "मी तर फक्त जिल्हा लीग खेळलो" असं पोरं सांगतात आणि फॉर्मवर "नाही" अशी खूण करतात. तशी खूण करू देऊ नका. सेक्रेटरी म्हणून खाली सही तुमची असते.

आणि कमिटीकडून ग्राउंडच्या भाडेपट्ट्याची प्रत मागून घ्या. मूळ कागद सापडत नाही म्हणाले तर बारमागच्या कपाटात, जुन्या मॅच-प्रोग्रामच्या खोक्याखाली बघायला सांगा, आमचा तिथेच होता. किती वर्षं उरलीत ते आधी बघा. थोडीच उरली असतील तर अनुदानाचा अर्ज पुढे सरकत नाही, आणि आधी कौन्सिलकडे मुदतवाढीसाठी बसावं लागतं. आकडा मिळाला की इथे लिहा, मग पुढचं सांगतो.