विमानातली आगीची सूचना देणारी यंत्रणाच बंद पडली तर पायलटने काय करावं?

तुम्ही विचारलंय की उडत्या विमानात फायर डिटेक्शन निकामी झालं तर पायलटने लगेच इंजिन बंद करावं का. मी मूळचा परभणीचा, विमानांच्या देखभालीत काम करतो. माझं उत्तर, नाही. नुसत्या बिघाडाच्या संदेशावर चालतं इंजिन बंद करू नये. पण यंत्रणा गप्प आहे म्हणजे आग नाही, असंही समजू नये.

इंजिनाभोवती बारीक पोलादी नळ्यांचे दोन लूप असतात, ए आणि बी. एका प्रकारात नळीत हेलियम भरलेला असतो. तापलं की दाब वाढतो, स्विच बसतो आणि कॉकपिटमध्ये लाल दिवा लागतो. हीच नळी क्लॅम्पपाशी घासून फुटली की गॅस निघून जातो आणि फॉल्टचा संदेश येतो. एक लूप गेला तर दुसऱ्यावर भागतं. एअरबस ए३२० मध्ये मात्र दोन्ही लूप ५ सेकंदांच्या आत तुटले तर त्याला बिघाड न मानता आगच मानलं जातं, कारण ज्वाळेनेच दोन्ही नळ्या खाल्ल्या असू शकतात. मग पायलटनेही वाद न घालता आगीची चेकलिस्ट घ्यायची: थ्रस्ट आयडल (इंजिनाचा जोर किमान), इंजिन मास्टर ऑफ (इंजिन बंद), फायर बटण, आग विझवणाऱ्या गॅसची पहिली बाटली. ३० सेकंदांनंतरही इशारा कायम असेल तर दुसरी.

दोन्ही लूप वेगवेगळ्या वेळी गेले असतील तर त्या इंजिनाच्या आगीची खबर आता मिळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक्झॉस्टचं तापमान, ऑइल, कंपनं यांवर नजर ठेवायची आणि केबिन क्रूला खिडकीतून इंजिन बघायला सांगायचं. अंदाजाने इंजिन बंद करण्याची किंमत १९८९ मध्ये इंग्लंडात केगवर्थला कळली. धूर आणि कंपनं जाणवल्यावर चांगलं इंजिन बंद केलं गेलं, ४७ माणसं गेली.

खरी भीती वेगळीच आहे. डिटेक्टर सगळीकडे नसतात. आपल्याकडे जिनिंगवर काम केलेल्या कुणालाही विचारा, कापसाच्या ढिगात आग आतल्या आत धुमसते. आधी वास येतो, ज्वाळा सगळ्यात शेवटी. विमानाच्या छतामागे तसंच होतं. १९९८ मध्ये स्विसएअर १११ च्या कॉकपिटच्या छतामागे आग लागली, तिथे डिटेक्टरच नव्हता. पहिला वास आल्यापासून साधारण २१ मिनिटांत विमान समुद्रात कोसळलं, २२९ जण गेले. आणि १९८० मध्ये रियाधहून निघालेल्या सौदिया १६३ मध्ये डिटेक्टरने नीट इशारा दिला होता, तरी तो खरा की खोटा हे ठरवण्यात चारएक मिनिटं गेली. विमान परत उतरलं, पण लोकांना वेळेत बाहेर काढलं गेलं नाही. ३०१ माणसं होती, एकही वाचलं नाही. ही हकिगत प्रत्येक नव्या पायलटने मुळातून वाचावी असं मला मनापासून वाटतं.

म्हणून धूर किंवा जळका वास आला की डिटेक्टर काय म्हणतो याची वाट बघायची नाही. आधी ऑक्सिजन मास्क, मग जवळच्या धावपट्टीकडे वळणं आणि रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाची हाक. चेकलिस्ट वाटेत चालू राहते. मुंबई–नागपूर मार्गावर असाल तर वाटेत छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ आहे. तिथे उतरून वास किरकोळ निघाला तरी काही बिघडत नाही.

तुम्ही पायलटचं शिक्षण घेणार असं लिहिलंय, म्हणून एक सांगतो. सेस्ना १७२ सारख्या शिकाऊ विमानात इंजिनाच्या आगीसाठी डिटेक्टर नसतोच. तिथे नाक आणि डोळे हीच यंत्रणा. आग दिसली की मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) बंद, इंधन बंद, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) ऑफ, केबिन हीट बंद, आणि उतरायला मोकळं रान शोधायचं. मराठवाड्यात उन्हाळ्यात मोकळी रानं भरपूर मिळतात, नांगराच्या तासांच्या दिशेनेच उतरायचं. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतून विमान उलटू शकतं, तेव्हा मुरमाड माळ दिसला तर तो आधी निवडा.